पाट्या बदलल्या, माणसं बदलली का?

प्रश्न : मुसोलिनीच्या इटलीत सरकारने गावांची नावं, लोकांची आडनावं, इतकंच काय थडग्यांवरचा मजकूरही बदलायला लावला, असं वाचनात आलं. हे खरं आहे का? हुकूमशहाला विरोधकांचा धाक असतो हे समजतं, पण मेलेल्या माणसाच्या थडग्याशी त्याचं काय वाकडं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फॅसिस्टांनी राष्ट्राची सीमा आधी ठरवली आणि तिच्या आत राहणारी माणसं त्या राष्ट्राच्या मापाची करण्याचा खटाटोप नंतर केला. सीमेच्या आत दुसऱ्या भाषेची खूण दिसली की त्यांचा दावाच खोटा पडत होता. मग ती खूण शाळेत असो, दुकानाच्या पाटीवर असो, नाहीतर स्मशानात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे आल्प्समधला दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. १९१५ च्या लंडन इथल्या गुप्त करारात दोस्त राष्ट्रांनी इटलीला ब्रेनर खिंडीपर्यंतची सीमा कबूल केली आणि १९१९ च्या तहाने ती इटलीच्या पदरात पडली. पर्वतरांगेचा पाणलोट हीच इटलीची नैसर्गिक हद्द, असा दावा होता. पण त्या हद्दीच्या आत राहणाऱ्या दर दहा माणसांतली जवळपास नऊ जर्मन बोलणारी होती.

ही अडचण सोडवायचा विडा एत्तोरे तोलोमेई या माणसाने बऱ्याच आधीपासून उचलला होता. हा प्रदेश ऑस्ट्रियाकडे असतानाच, १९०४ साली, तो तिथल्या एका शिखरावर चढला आणि त्याला ‘इटलीचं शिखर’ असं नाव देऊन मोकळा झाला. १९१६ मध्ये त्याने दक्षिण टिरोलमधल्या हजारो गावांची, ओढ्यांची, डोंगरांची इटालियन नावं छापली. श्टर्त्सिंग गावासाठी त्याने रोमन काळातलं नाव उकरून काढलं आणि ते ‘विपितेनो’ झालं. इन्निखेनला तिथल्या संताच्या नावावरून ‘सान कान्दिदो’ केलं. जिथे काहीच सापडलं नाही, तिथे जर्मन नावाला इटालियन शेपूट जोडलं. त्याचं म्हणणं असं की इथले लोक मुळात लॅटिन वंशाचेच, मध्यंतरी जर्मन झालेले. आपण त्यांना फक्त मूळ ओळख परत देतो आहोत. १९२३ मध्ये मुसोलिनी सरकारने ही यादी अधिकृत केली. ‘टिरोल’ हे नाव वापरायलाच बंदी आली.

त्याच वर्षी तोलोमेईने बोल्झानो शहरातल्या नाट्यगृहात ३२ कलमी कार्यक्रम जाहीर केला. कचेऱ्यांत आणि न्यायालयांत इटालियन आली, जर्मन वृत्तपत्रं दडपली गेली. शाळांत पहिल्या इयत्तेपासून पायरीपायरीने इटालियन हेच शिक्षणाचं माध्यम झालं. थडग्यांवर नवे जर्मन लेख कोरायला मनाई झाली. आडनावं इटालियन करण्याचा कायदा १९२६ चा. तो पुढच्या वर्षी त्रिएस्ते आणि इस्त्रियाकडच्या स्लोव्हेन आणि क्रोएट लोकांनाही लागू झाला आणि तिथे त्याची झळ जास्त बसली. ‘पाणी पिणारा’ अशा अर्थाचं व्होदोपिवेत्स हे स्लोव्हेन आडनाव शब्दशः भाषांतर होऊन ‘बेविलाक्वा’ झालं.

लोकांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. मिखाएल गाम्पर या कॅथलिक धर्मगुरूने सुचवलं की, रोमन छळाच्या काळातल्या ख्रिस्त्यांसारखं भूमिगत व्हा. मग शेतघरांत, माळ्यांवर, मागच्या खोल्यांत चोरून जर्मन शाळा भरू लागल्या. त्या ख्रिस्त्यांच्या भुयारांवरून त्यांना ‘कॅटाकोम शाळा’ म्हणत. शिकवायला बहुतेक तरुण मुली असत. पुस्तकं सीमेपलीकडून लपवून आणली जात आणि पोलिसांची चाहूल लागली की मुलं पांगत. आंगेला निकोलेत्ती ही त्यातलीच एक शिक्षिका. तिने तुरुंगवास भोगला, तरी शिकवणं सोडलं नाही. १९३० मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी ती क्षयाने गेली. योझेफ नोल्डिन या वकिलाला अशाच कामासाठी दक्षिणेतल्या लिपारी बेटावर हद्दपार करण्यात आलं.

यातून फॅसिस्टांच्या हाती काय लागलं? जे लोक आधी स्वतःला टिरोलचे म्हणवत, त्यांच्यातले कितीतरी जण सुटकेच्या आशेने हिटलरकडे पाहू लागले. हिटलरला मात्र मुसोलिनीची मैत्री प्यारी होती. १९३९ मध्ये दोघांनी मिळून या लोकांपुढे पर्याय ठेवला : जर्मनीत निघून जा, नाहीतर इटलीतच, भाषेच्या संरक्षणाची कसलीही हमी न घेता राहा. ३१ डिसेंबरची मुदत होती. ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी जर्मनीची निवड केली. एकाच घरात भाऊ एकीकडे आणि बहीण दुसरीकडे अशी फाटाफूट झाली. राहू म्हणणाऱ्यांना शेजाऱ्यांनीच गद्दार ठरवलं; खुद्द गाम्पर राहण्याच्या बाजूचे होते, त्यांनाही हे चुकलं नाही. युद्ध पेटल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे ७५ हजार लोक गेले आणि त्यांतले अनेक नंतर परतले. एका फॅसिझमच्या जाचाने माणसं दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी केली, ही या धोरणाची खरी कमाई.

म्हणून मला वाटतं, फॅसिझम राष्ट्राभिमान फक्त जरा जास्त ताणतो, हा समज सोडून द्यायला हवा. आईच्या भाषेतून, गावाच्या नावातून, सणावारांतून जी ओळख माणसाला आपोआप मिळते, ती फॅसिझमला संशयास्पद वाटते. सरकारने शिक्का मारून दिलेली तेवढीच खरी. ‘आम्ही तुम्हाला तुमची मूळ ओळख परत देतो’ असं कुठलंही सरकार म्हणू लागलं, की त्या लोकांनी ती मागितली होती का, हे आधी विचारावं.

१९४६ च्या पॅरिस करारात दक्षिण टिरोलच्या जर्मन भाषकांना शाळा आणि भाषेचे हक्क मान्य झाले, १९७२ मध्ये प्रांताला भक्कम स्वायत्तता मिळाली. आज तिथल्या पाट्यांवर दोन्ही भाषा आहेत आणि तोलोमेईने दिलेली नावंही आहेत. २०११ च्या जनगणनेत मात्र तिथल्या सुमारे ६९ टक्के लोकांनी आपला भाषागट जर्मन असल्याचं नोंदवलं.