संशय वकील आणतो कुठून?

प्रश्न : खुनाच्या खटल्यात बचावाचे वकील संशय ‘निर्माण’ करून आरोपीला सोडवतात. हे न्यायाला धरून आहे का?

उत्तर : संशय हवेतून येत नाही; सरकार पक्षाच्या पुराव्यात तो असावा लागतो. समजा, पंचनाम्यात रक्ताळलेला चाकू सीलबंद केल्याचे लिहिले आहे, पण रासायनिक प्रयोगशाळेत जाईपर्यंत तो मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता याची नोंद नाही. त्यात पंच उलटतपासणीत सांगून बसतो, ‘सह्या ठाण्यातच घेतल्या.’ मग अहवाल कितीही ठाम असो, त्याचा भरवसा उरत नाही. आरोपीने निर्दोषत्व सिद्ध करायचे नसते, एवढे ध्यानात घेतले की वकिलाचे काम कळते.

पुण्यातल्या एका विवाहितेच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूवरून चाललेल्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र आरोपीला सोडले. तिच्या पत्रांतले नैराश्य पाहता आत्महत्येची शक्यता खोडली गेली नव्हती, आणि परिस्थितिजन्य पुराव्यातून दोषाखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये.

यातून खरे गुन्हेगारही सुटतात का? सुटतात, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच शिवाजी साहेबराव बोबडे प्रकरणात (1973) याच न्यायालयाने संशयाच्या फायद्याचा अतिरेक नको, असे बजावले. साक्षीदाराने शर्टाचा रंग चुकीचा सांगितला, एवढ्यावर कुणी सुटत नाही. तपासी अंमलदाराने मुद्देमालाची नोंदच ठेवली नसेल, तर दोष वकिलाला का द्यावा?