सोंग घेणारे आणि काठावरचे

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर, आगरदांडा नावाचे एक लहानसे बंदर आहे. खाडीच्या पलीकडे दिघी. या दोन काठांमधून फेरीबोट माणसे व वाहने घेऊन ये-जा करीत असते. आणि खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा पाणकोट उभा आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या काठावर ओढून शाकारून ठेवतात आणि कोळी बांधव जाळी दुरुस्त करीत बसतात. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केला म्हणजे पुन्हा दर्याची वाट मोकळी होते.

काठावर ओढून ठेवलेल्या होडीत मुले चढली नाहीत, असे बंदर कोकणात मिळणे कठीण. एक जण तांडेल होतो, दोघे-तिघे खलाशी होतात, तुटक्या बांबूचे वल्हे होते आणि कोरड्या जमिनीवर भयंकर वादळ सुरू होते. “जाळं ओढा रे, जाळं ओढा!” असा तांडेलाचा हुकूम सुटतो. अशा वेळी एखादा मुलगा मात्र खालीच उभा राहतो. “होडी तर जमिनीवर आहे. कसलं जाळं आणि कसलं वादळ!” असे म्हणून तो लगोऱ्या खेळावयास निघून जातो. तो मुलगा आळशी नव्हे, की मंदबुद्धीही नव्हे. लगोरी फोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नसेल. मग ज्या खेळात त्याचे सवंगडी जेवणखाण विसरतात, त्यात त्याला काहीच गोडी का वाटू नये?

योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने खेळ या विषयावर एक ग्रंथ लिहिला. तो 1938 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाभोवती एक अदृश्य रिंगण असते. आपखुशीने त्यात पाऊल टाकणारास आतले नियम खरे वाटतात, असा त्याच्या म्हणण्याचा सारांश आहे. त्याने एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. खेळात लबाडी करणाऱ्यावर इतर रागावतात, पण रिंगणच मोडणाऱ्यावर ते त्याहून अधिक रागावतात. भातुकलीत कोणी दुसऱ्याच्या पानातला लाडू पळवला, तर भांडण होते आणि खेळ चालू राहतो. पण कोणी म्हणाले, “हा भात नाहीच, ही वाळू आहे,” की सारा संसार क्षणात कोसळतो! लबाडी करणारा निदान त्या भाताला भात तरी मानतो.

सोंग घेऊन बोलण्याची ही हौस मोठ्या माणसांतही असते. सिंधुदुर्गात आणि गोमंतकात होणारा दशावतार पाहावा. आख्यान ठरलेले असते. परंतु संवाद लिहिलेले नसतात. राजाचे सोंग घेतलेला नट राजाला शोभेल असे आयत्या वेळी बोलतो, आणि समोरच्या राक्षसाने त्याला तसेच आयत्या वेळी उत्तर द्यावयाचे असते. रात्र सरून पहाट होईपर्यंत हे चालते. हजार प्रेक्षकांना तो प्रयोग आवडतो, पण त्यांतील कितीशा लोकांना स्वतः मुकुट घालून उभे राहावेसे वाटेल?

आता हीच सोंगे संगणकाच्या पडद्यावर गेली आहेत. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल, अनेक पैलूंचे फासे आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार, एवढेच त्याचे साहित्य. 1978 साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी एकाच वेळी संगणकावर खेळण्याजोगा असा एक खेळ रचावयास घेतला आणि रिचर्ड बार्टल या त्याच्या सोबत्याने तो पुढे वाढवला. त्याचे नाव ‘मड’. त्यात एकही चित्र नव्हते! ‘समोर अरुंद वाट आहे’ अशी अक्षरे उमटत, आणि खेळणाराने ‘पूर्वेकडे जा’ असे शब्द टंकून चालावयाचे. पुढे चित्रे आली, ध्वनी आला, आणि खेळणारांची संख्या भराभर वाढली. 2004 साली निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचे वर्गणीदार 2010 साली एक कोटी वीस लाखांवर गेले होते.

अशा खेळात शिरणारा प्रथम एक पात्र निवडतो: योद्धा, वैद्य, जादूगार किंवा असेच काही. पात्राला नाव देतो आणि त्या काल्पनिक देशात वावरू लागतो. तेथे भेटणारी इतर पात्रे म्हणजे कोठे तरी दूर पडद्यापुढे बसलेली खरी माणसे असतात. वॉरक्राफ्टच्या आरंभीच्या काळात काही मोहिमांस चाळीस-चाळीस जणांची टोळी लागे. शत्रूचे घाव एकाने अंगावर घ्यावयाचे, काहींनी जखमा भरून काढावयाच्या, उरलेल्यांनी मारा करावयाचा. एक जण चुकला की सारी मोहीम फसे. आगरदांड्याच्या मुलांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. होडीवर तांडेलाने पाण्याचा रोख पाहावयाचा, खलाशांनी जाळे ओढावयाचे, आणि एकाचा हात ढिला पडला तर सर्वांची मासळी जावयाची, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते.

या खेळांत माणसांना नेमके आवडते तरी काय? अशा खेळात मुरलेल्या जाणत्या खेळाडूंत 1989 ते 1990 च्या दरम्यान सुमारे सहा महिने याच प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला. त्याचे सार काढून बार्टल यांनी 1996 साली एक लेख लिहिला आणि खेळाडूंना पत्त्यांतील चार रंगांची नावे दिली. धन आणि पदव्या मिळवण्याची ज्यांना हाव, ते चौकट. या देशात काय काय दडले आहे ते उकरून पाहणारे ते इस्पिक. कारण इंग्रजीत इस्पिकाच्या नावाचा अर्थ फावडे असाही होतो. गप्पागोष्टी आणि मैत्री यांसाठी येणारे बदाम. आणि दुसऱ्यास बडवण्यातच ज्यांना आनंद, ते किलवर. इंग्रजीत या रंगाच्या नावाचा एक अर्थ सोटा असा आहे. ही वाटणी मोठी चतुर आहे, परंतु ती फार काटेकोर मानणे बरे नव्हे. निक यी या संशोधकाने सुमारे तीन हजार खेळाडूंना प्रश्न विचारून 2006 साली आपले निष्कर्ष मांडले. एक हौस असली म्हणजे दुसरी नसते असे नाही, असे त्यास आढळले. सकाळचा चौकट संध्याकाळी बदाम होऊ शकतो.

2005 सालच्या सप्टेंबरात वॉरक्राफ्टमध्ये एक अकल्पित प्रकार घडला. एका दैत्याशी लढणाऱ्यांस एक संसर्गजन्य शाप बाधत असे. तो त्या लढाईच्या जागीच राहावा अशी योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो बाहेर पडला आणि गजबजलेल्या नगरांत पसरला. नवशिकी पात्रे पटापट मरू लागली, चौक हाडांनी भरले. तेव्हा माणसांचे स्वभाव उघडे पडले. काही वैद्य-पात्रे रोग्यांच्या मदतीस धावली. काही खेळाडूंनी मुद्दाम रोग इतरांत पसरवला. काही जण नगर सोडून रानात पळाले, तर काही केवळ कुतूहलाने साथ पाहावयास आले आणि तेथेच सापडले. खेळ चालवणाऱ्या कंपनीस अखेर मांडलेला डाव मागे घ्यावा लागला. 2007 साली वैद्यकातील एका मान्यवर नियतकालिकात या साथीवर लेख आला. साथीच्या काळात कोणी निव्वळ पाहण्यासाठी येईल, हे रोगप्रसाराचे गणित मांडताना सहसा धरलेले नसते, असे त्यात नमूद होते.

एवढे रंग असूनही कित्येकांना हे खेळ नीरस वाटतात, आणि त्यांचीही बाजू लंगडी नाही. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत संपतो. बुद्धिबळात मात होते. या खेळांना शेवटच नसतो. ज्याला जय-पराजयाचा निकाल हवा, त्याला हे न संपणारे रामायण कंटाळवाणे वाटते. शिवाय पात्राचे बळ वाढवण्यासाठी एकाच जातीची रानडुकरे तासन् तास मारीत बसावे लागते. चौकट रंगाच्या खेळाडूला त्यात पै-पै साठवल्याचे समाधान मिळते. दुसऱ्याला ते दळण वाटते. कोणाला अनोळखी माणसांशी बोलण्याचा संकोच असतो. कोणाला पुस्तकातील राजा मनात उभा करता येतो, म्हणून पडद्यावरील राजा फिका वाटतो. आणि कोणाला स्वतः सोंग घेण्याचीच लाज वाटते. दशावताराच्या मांडवात तो आनंदाने पहाटेपर्यंत बसेल, पण रंगभूमीवर पाऊल टाकणार नाही. एक कारण अगदी साधे आहे: यांपैकी बऱ्याच खेळांना चांगले यंत्र आणि पैसा लागतो.

खेळ आवडणे निराळे आणि तो सुटेनासा होणे निराळे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद केली. ते वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून अमलात आले. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अधिक महत्त्व येणे आणि हानी दिसत असूनही तो चालूच ठेवणे, ही त्याची लक्षणे; आणि ती साधारणपणे बारा महिने टिकलेली असावी लागतात. तेव्हा आठ दिवस खेळात रंगलेल्या मुलास रोगी ठरवणे हे घाईचे होय.

नॉर्वे देशात एका तरुणाला स्नायू क्षीण होत जाण्याचा जन्मजात रोग होता. चाकांच्या खुर्चीत बसून तो वर्षानुवर्षे वॉरक्राफ्ट खेळे. आपल्या मुलाला ना मित्र, ना सोबती. त्याचे आयुष्य एकटेपणात सरले, असे आईवडिलांस वाटे. 2014 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या लेखनाच्या पानावर वडिलांनी त्याच्या निधनाची वार्ता लिहिली. मग पत्रांवर पत्रे येऊ लागली. खेळात तो इबेलिन नावाचा एक उमदा सरदार होता. चालणारा, धावणारा, दुःखी माणसापाशी थांबून त्याची विचारपूस करणारा. कोणाचे कुटुंबाशी तुटलेले बोलणे त्याने जुळवून दिले होते, तर कोणास निराशेतून सावरले होते. त्याच्या दुखण्याची गोष्ट त्यांतील बहुतेकांना फार उशिरा कळली होती. युरोपातील निरनिराळ्या देशांतून त्याचे काही सोबती अंत्यविधीस आले आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलले होते, त्या मित्राच्या आईवडिलांना ते तेथे प्रथमच भेटले.