घाटांत थकणारे ब्रेक

मोटारीमागें भरलेला ट्रेलर जोडून लोणावळ्याहून बोरघाटानें खोपोलीकडे उतरूं लागलें, म्हणजे माथ्यावर उत्तम लागणारे ब्रेक पायथ्याशीं लागेनासे होऊं शकतात. गाडी थोडा वेळ उभी ठेवली, कीं ते पूर्ववत् लागतात! मग गॅरेजांत मिस्त्री म्हणतो, "दोष कांहीं नाहीं." असें हें लपून बसणारें दुखणें ओळखावें कसें?

प्रथम त्याचें मूळ पाहूं. मोटार व ट्रेलर मिळून वजन ३००० किलोग्रॅम व उतार उंचीनें ५०० मीटर धरा. ३००० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारें १ कोटी ४७ लक्ष जूल ऊर्जा उतरतांना मोकळी होते. एवढ्या ऊर्जेनें २० अंश सेल्सिअसचें सुमारें ४४ लिटर पाणी उकळीस येईल. हवेचा विरोध व एंजिन हीं तिचा कांहीं वांटा उचलतात. वेग वाढूं द्यावयाचा नसेल, तर उरलेली उष्णता ब्रेकांनींच सोसली पाहिजे.

आतां लक्षणें पाहूं. वैद्य नाडी पाहतो, तसें चालकानें पेडल पाहावें.

पहिलें लक्षण: पेडल घट्ट लागतें, पण जोरानें दाबूनही गाडी आवरत नाहीं, जळकट वास येतो. येथें लायनर अति तापलें आहेत. त्यांतील राळेसारख्या द्रव्यांतून वायु सुटतो व घर्षण घटतें.

दुसरें लक्षण: पेडल मऊ होऊन तळाशीं जातें. येथें ब्रेक ऑइल उकळलें आहे. द्रव दाबानें आकसत नाहीं, वाफ आकसते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोंचत नाहीं. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ३ जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश असावा लागतो. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते.

तिसरी परीक्षा चाकांची. सुरक्षित जागीं थांबून, स्पर्श न करितां, प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा. मोटारीचीं चाकें तापलेलीं व ट्रेलरचीं थंड असल्यास ट्रेलरचा ब्रेक काम करीत नाहीं, सर्व भार मोटारीवरच पडतो आहे, असें समजावें. एकच चाक फार तापलें असेल, तर त्याचा ब्रेक सोडल्यावरही घासत असावा.

उपाय साधे आहेत. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा. पाय पेडलवर सतत टेकवून ठेवूं नये; थोडा वेळ घट्ट दाबून सोडावा, म्हणजे ब्रेकांस मधून मधून निवण्यास अवसर मिळतो. पेडल मऊ झाल्यास तें भराभर दाबीत, गिअर उतरवीत, गाडी थांबवावी. तापलेल्या ब्रेकावर पाणी ओतूं नये. धातूस तडा जाण्याचें भय असतें. तेल ठरल्या मुदतींत बदलावें.

पालकांस एक विनंती. गॅरेजांत "ब्रेक लागत नाहींत" एवढेंच सांगूं नये. किती उतरल्यावर लागेनासे झाले, पेडल घट्ट होतें कीं मऊ, कोणतें चाक तापलें, हें नीट सांगावें. थंड झालेली गाडी स्वतःचें दुखणें सांगत नाहीं. तें चालकानेंच लक्षांत ठेवून सांगितलें पाहिजे.