गोठ्याचे दार

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात धरणांचे पाणी खेळू लागले आणि शिवारोशिवारी ऊस डोलू लागला. त्या दाट उसात बिबट्याला आसरा मिळाला. त्याची मादी तेथेच पिलांना जन्म देते.

रात्री गोठा उघडा राहिला, तर दाव्याला बांधलेले वासरू बिबट्याच्या तावडीत सहज सापडते. त्याला ना शिंगांचे बळ, ना पळावयास वाट. वासरू गेले की गाय हंबरत राहते व पुष्कळदा पान्हाच सोडीत नाही. शासन वासराची भरपाई देते. परंतु आटलेल्या दुधाची झळ घराला सोसावी लागते.

मग बिबटे पकडून रानात नेऊन सोडावेत काय? २००१ पासून तसे करून पाहिले. परंतु पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ झाले!

खरा उपाय गोठ्यापाशीच आहे. बिबट्या भिंत सहज चढतो. म्हणून भक्कम भिंतींवर छप्पर हवे, खिडकीला जाळी हवी आणि दिवस मावळण्यापूर्वी दाराला कडी हवी. मुलांनो, ती कडी लावणे तुमच्याही हातचे काम आहे. अशा गोठ्यात वासरू सुखरूप राहते आणि बिबट्यावरही पिंजऱ्यात जाण्याची वेळ येत नाही.