शेताची भरपाई : पर्यावरणाची हानी आणि न्यायाचे माप

दिव्य कुरआनच्या सूरह अल-अंबियामध्ये (२१:७८-७९) एका खटल्याचा उल्लेख येतो. काही लोकांची मेंढरे रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या शेतात शिरली आणि त्यांनी शेत फस्त केले. हा वाद हजरत दाऊद (अ.) आणि त्यांचे पुत्र हजरत सुलैमान (अ.) यांच्यासमोर आला. अल्लाहने या प्रकरणाची उमज सुलैमान (अ.) यांना दिली आणि विवेक व ज्ञान मात्र दोघांनाही प्रदान केले, असे कुरआन सांगतो.

या निवाड्याचा तपशील भाष्यकारांनी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हवाल्याने नोंदवला आहे. दाऊद (अ.) यांनी मेंढरे शेतमालकाला देऊन टाकण्याचा निर्णय दिला होता. सुलैमान (अ.) यांनी दुसरा मार्ग सुचवला. मेंढरे काही काळ शेतमालकाकडे राहावीत व त्यांचे दूध, लोकर त्याने घ्यावी. त्या अवधीत मेंढरांच्या मालकांनी शेत कसून पूर्ववत करावे. शेत पहिल्या स्थितीला आले की शेत शेतकऱ्याला आणि मेंढरे त्यांच्या मालकांना परत मिळावीत.

या निवाड्यात भरपाईची तीन तत्त्वे सामावलेली आहेत. पहिले, भरपाईचे माप बाजारातील किंमत नसून जमिनीचे पूर्ववत होणे हे आहे. दुसरे, जमीन पूर्ववत होईपर्यंत जो लाभ बुडतो, तोही देणे आहे. तिसरे, हानी करणाऱ्याकडून हानीपेक्षा अधिक घेतले जाऊ नये. शतकांपूर्वीचा हा प्रश्न आज एका मुस्लिमबहुल देशाच्या न्यायालयात नव्या रूपात उभा राहिला आहे. फरक इतकाच की तेथे शेताच्या जागी दोन बेटे आहेत आणि मेंढरांच्या जागी खाणींची यंत्रे.

बंका-बेलितुंगचा खटला

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या पूर्वेस बंका आणि बेलितुंग ही बेटे आहेत. तेथे अठराव्या शतकापासून कथील काढले जाते. खोदकाम संपले की मागे उरलेल्या खड्ड्यांत पाणी साचते. स्थानिक लोक या खड्ड्यांना ‘कोलोंग’ म्हणतात. तेथे धड शेती होत नाही आणि जंगलही सहजासहजी परतत नाही. अशा खड्ड्यांत मुले बुडाल्याच्या घटना त्या बेटांना नव्या नाहीत. समुद्रतळाशी उपसा सुरू झाला की पाणी गढूळ होते, प्रवाळाची हानी होते आणि मासेमाराचे जाळे रिकामे परतते.

२०१५ ते २०२२ या काळात सरकारी कथील कंपनीच्या परवाना क्षेत्रात बेकायदा उत्खननाला भ्रष्ट मार्गाने वाट करून दिली गेली, असा खटला तेथील महाधिवक्ता कार्यालयाने उभा केला. डिसेंबर २०२४ मध्ये जकार्ताच्या भ्रष्टाचारविरोधी न्यायालयाने राज्याची हानी सुमारे ३०० लाख कोटी रुपिया इतकी मानली. त्यांपैकी सुमारे २९ लाख कोटी रुपिया हिशेबाच्या वह्यांतून निघाले होते. त्यात बेकायदा कथिलापोटी चुकती केलेली रक्कम आणि गाळणीच्या यंत्रांचे फुगवलेले भाडे यांचा समावेश होता. उरलेले सुमारे २७१ लाख कोटी रुपिया कोणत्याही वहीत नोंदलेले नव्हते. ती जमीन, जंगल आणि पाणी यांची हानी होती. म्हणजे दर दहा रुपियांपैकी नऊ रुपियांची हानी अशी होती की, कोणी मोजली नसती तर ती शून्यच धरली गेली असती.

हानी मोजतात कशी?

ही मोजणी बोगोर कृषी विद्यापीठातील वन-तज्ज्ञ प्राध्यापक बंबांग हेरो सहार्जो यांच्या चमूने केली. उपग्रहाची छायाचित्रे वर्षावर्षाने तपासून सुमारे १ लाख ७० हजार हेक्टर जमीन खोदली गेल्याचे त्यांनी दाखवले. पुढे इंडोनेशियाच्या पर्यावरण मंत्रालयाच्या २०१४ च्या ७ व्या क्रमांकाच्या नियमावलीनुसार त्यांनी हिशेब मांडला.

या हिशेबाचे तीन भाग आहेत. एक, निसर्ग जे काम विनामोबदला करतो त्याची हानी : पाणी धरून ठेवणे, मातीची धूप थांबवणे, जीवजातींना आसरा देणे. दोन, त्या जमिनीपासून लोकांना मिळू शकणाऱ्या उत्पन्नाची हानी. तीन, जमीन पूर्ववत करण्याचा खर्च. सुलैमान (अ.) यांच्या निवाड्याशी याचे साम्य सहज लक्षात येते. तिसरा भाग म्हणजे शेत पुन्हा उभे करणे, आणि पहिले दोन म्हणजे दरम्यानच्या काळातील दूध व लोकर.

आक्षेप आणि साक्षीची अमानत

अशा मोजणीवर आक्षेपही आहेत आणि ते ऐकून घेणे न्यायाला धरूनच आहे. इंडोनेशियाच्या संविधान न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये ठरवले की, भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात राज्याची हानी केवळ संभाव्य असून चालणार नाही, ती प्रत्यक्ष झालेली असली पाहिजे. मग नाहीशा झालेल्या जंगलाची किंमत ‘प्रत्यक्ष’ मानायची की अंदाज? शिवाय ज्या बेटांवर शतकानुशतके खोदकाम चालू आहे, तेथे कोणता खड्डा कोणाच्या नावावर घालायचा? एका प्रांताच्या माजी राज्यपालावरील खटल्यात २०१८ मध्ये न्यायालयाने सुमारे २.७ लाख कोटी रुपियांची पर्यावरणीय हानी ग्राह्य धरली नव्हती.

या बाबतीत कुरआनची शिकवण दुहेरी आहे. न्यायावर ठाम उभे राहा आणि अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरोधात का असेना, असे सूरह अन-निसा (४:१३५) सांगते. कोणा जनसमूहाविषयीचा द्वेष तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, असे सूरह अल-माइदा (५:८) बजावते. तेव्हा अपराध्याची हानी कमी दाखवणे हा जसा जुलूम, तसाच त्याच्या माथी न केलेली हानी मारणे हाही जुलूमच. मोजणारा तज्ज्ञ न्यायालयात साक्षीदार असतो आणि साक्ष ही अमानत आहे. तिची किंमतही मोजावी लागते. या निकालानंतर काही दिवसांतच, जानेवारी २०२५ मध्ये, प्रा. सहार्जो यांच्याविरुद्धच पोलिसांत तक्रार दाखल झाली.

शिक्षेने देणे फिटते काय?

या खटल्यातील एका प्रमुख उद्योजकाला प्रथम साडेसहा वर्षांची कैद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती २० वर्षांची केली आणि त्याने भरावयाची रक्कम ४२ हजार कोटी रुपिया ठरवली. आकडा मोठा वाटतो. पण पर्यावरणाच्या हानीच्या तुलनेत तो शेकड्यात पाव टक्काही नाही. कारण तेथील कायद्यानुसार आरोपीने भ्रष्टाचारातून जितके मिळवले, तितकेच त्याच्याकडून वसूल करता येते. त्याने जितके उद्ध्वस्त केले, तितके नव्हे. म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये महाधिवक्ता कार्यालयाने पाच कंपन्यांनाही आरोपी केले आणि सुमारे १५२ लाख कोटी रुपियांच्या हानीची जबाबदारी त्यांच्यावर ठेवली.

इस्लामी न्यायशास्त्रात शिक्षा आणि ‘जमान’, म्हणजे भरपाईची जबाबदारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरीची ठरावीक शिक्षा झाल्यावर नष्ट झालेल्या मालाची भरपाईही द्यावी लागते काय, याविषयी इमामांत मतभेद आहे. हनफी मतानुसार दोन्ही एकत्र येत नाहीत. शाफई मतानुसार दोन्ही देणे आहेत, आणि आपले कोकणी मुस्लिम व इंडोनेशियाचे मुस्लिम बहुतांशी याच शाफई परंपरेचे आहेत. परंतु हा मतभेद त्या ठरावीक शिक्षेपुरता मर्यादित आहे. दुसऱ्याची वस्तू नष्ट करणाऱ्याने ती भरून द्यावी, हे तत्त्व सर्वांनाच मान्य आहे. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या विधिसंहितेनेही हानी दूर केली जावी, हा नियम आपल्या आरंभीच्या कलमांतच नोंदवला आहे.

मालक कोण?

शेताला मालक होता. बेटावरच्या जंगलाचा मालक कोण? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबयज बिन हम्माल (रजि.) यांना मारिब येथील मिठाची खाण दिली होती. ती अखंड वाहत्या पाण्यासारखी, सहज हाती येणारी संपत्ती आहे, असे कोणीतरी निदर्शनास आणताच प्रेषितांनी (स.) ती परत घेतली. जे सर्वांच्या उपयोगाचे आहे, ते एकाच्या मुठीत जाऊ नये, हा त्यातील बोध.

राज्य हे अशा संपत्तीचे मालक नसून अमानतदार आहे. म्हणून भरपाईची रक्कम तिजोरीत जमा झाली एवढ्याने न्याय पूर्ण होत नाही. ती जमिनीपर्यंत, मासेमारापर्यंत आणि पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली पाहिजे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०११ च्या २२ व्या क्रमांकाच्या फतव्यात उत्खननानंतर जमीन पुन्हा सुस्थितीत आणणे बंधनकारक ठरवले आहे. खड्डा उघडाच राहिला, तर मेंढरे विकून पैसे आले पण शेत ओसाडच राहिले, असे होईल.

आपल्या दारातील वाळू

हा विषय दूरच्या बेटांचाच आहे असे नाही. आपल्या नद्यांतून रात्री वाळू उपसली जाते. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेतील कलम ४८ (७) नुसार अशा उपशाला बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण या दंडाचे माप वाळूची किंमत हे आहे. खालावलेली विहीर, ढासळलेला काठ आणि डोहात बुडालेले मूल त्यात मोजले जात नाही.

घर बांधताना स्वस्त वाळू कोठून आली, हे आपण विचारतो काय? परवान्याची पावती मागतो काय? ज्याने अपहार केला, तो कियामतच्या दिवशी ती वस्तू घेऊन हजर होईल, असे सूरह आले-इमरान (३:१६१) सांगते. जगातील न्यायालय जे मोजू शकले नाही, तेही तेथे मोजले जाईल. त्या हिशेबात आक्षेप चालणार नाहीत आणि साक्षीदारांना कोणी भिववू शकणार नाही.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या पृथ्वीची अमानत सांभाळण्याची आणि इतरांचे देणे वेळीच फेडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.