परक्या शहरातले पाहुणे



रोम आणि आसिसीच्या यात्रेला जाणारी मंडळी पुष्कळदा वाटेत फ्लॉरेन्स शहरी थांबतात. इटलीतले हे जुने शहर आर्नो नदीच्या काठी वसले आहे. आपल्याशी त्याचे थोडे नातेही आहे. याच नदीच्या खोऱ्यात, फ्लॉरेन्स आणि पिसा यांच्या दरम्यान, पोंतेदेरा गावी वेस्पा स्कूटरचा कारखाना आहे. पियाजिओ कंपनीच्या परवान्याने बजाज ऑटोने १९६० च्या दशकात आपल्याकडे वेस्पा बनवली आणि १९७२ साली ‘चेतक’ आणली. आपल्यापैकी कितीतरी घरांचा संसार त्या चेतकवर चालला!

या शहरात प्रवाशांची होणारी फजिती, त्यांना मिळणारा आनंद आणि त्यातून आपण घ्यायचा धडा, यांचा आज विचार करू.

१. छोट्या फजित्या

फ्लॉरेन्सच्या जुन्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक निळे किंवा काळे आणि दुकाने-खाणावळींचे तांबडे आढळतात. दोन्हींची मोजणी वेगवेगळी चालते. म्हणून १० नंबरच्या दारात उभा राहून पाहुणा १० नंबरची खाणावळ शोधत राहतो आणि ती असते बरीच पुढे! रेल्वेचे साधे कागदी तिकीट फलाटाजवळच्या यंत्रात ठसा मारून घ्यावे लागते; विसरल्यास तिकीट असूनही दंड होऊ शकतो. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसून मागवली तर बहुधा महाग. जेवायला बसावे, तर तिथला पारंपरिक पाव चक्क अळणी! मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील, तर दारातूनच परत फिरावे लागते. जवळ एखादी ओढणी असली की काम भागते.

या सगळ्या फजित्यांचे मूळ एकच. गावातल्या माणसाला जे जन्मापासून ठाऊक असते, ते पाहुण्याला कोणी सांगितलेले नसते. त्याची चूक म्हणजे त्याचा मूर्खपणा नव्हे.

२. छोटे आनंद

तिथल्या कॅथेड्रलचा घुमट पाहून कारखान्यात हयात घालवलेला माणूस खूश होईल. सोनारकामात तयार झालेल्या ब्रुनेलेस्की यांनी १४२० ते १४३६ या काळात तो विटांत उभारला, आणि तोही जमिनीपासून लाकडी आधार न देता! वर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. गुडघे कुरकुर करतात, पण वरून कौलारू छपरे, नदी आणि टेकड्या दिसल्या की दम लागल्याचा विसर पडतो.

३. कोल्हापूरचा पाहुणा

या शहरात एका मराठी पाहुण्यावर मात्र मोठे संकट ओढवले. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे २० वर्षांचे होते. सोबतच्या लोकांपुढे प्रश्न पडला की अंत्यसंस्कार करायचे कसे? त्या कॅथोलिक शहरात दहनाची रीत नव्हती. पण तिथल्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने दहन झाले. १८७४ साली तिथे महाराजांचा अर्धपुतळा छत्रीखाली बसवण्यात आला. तो आजही तिथे आहे. जवळच्या, १९७८ साली पूर्ण झालेल्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचे नाव आहे.

जी रीत आपली नव्हती, तिलाही त्या लोकांनी आपल्या नदीकाठी जागा दिली. पाहुण्याचे दुःख त्यांनी परके मानले नाही.

४. परके धावून आले

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला महापूर आला. राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो पुस्तके चिखलात बुडाली. सांता क्रोचे चर्चच्या संग्रहातील चिमाबुए यांच्या जुन्या क्रुसाचे अतोनात नुकसान झाले. तेव्हा इटलीतून आणि इतर देशांतून तरुण-तरुणी आले आणि रांगा लावून हातोहात पुस्तके बाहेर काढू लागले. लोकांनी त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटले. त्या वर्षी नाताळच्या रात्री पोप पॉल सहावे यांनी फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा अर्पण केली. ज्या शहराने पाहुण्याला जागा दिली, त्याला गरज पडली तेव्हा परकेच मदतीला आले.

५. आपल्यासाठी धडा

पाहुणे पाहायला आपल्याला इटलीला जाण्याची गरज नाही. चाकण, भोसरी आणि तळवड्याच्या कारखान्यांत झारखंड, ओडिशा, बिहार अशा दूरच्या प्रांतांतून तरुण येतात. कोणती बस कुठे जाते, खोलीचे डिपॉझिट किती, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, हे त्यांना ठाऊक नसते. काही जण रविवारी आपल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात आणि मराठी मिस्सा नीट न कळल्याने गुपचूप निघून जातात. त्यांच्यापैकी कुणी आजारी पडला किंवा दगावला, तर घरचे लोक दोन दिवसांच्या प्रवासावर असतात. अशा वेळी इस्पितळात कोण जाणार? दफनभूमीची आणि कागदपत्रांची चौकशी कोण करणार? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात प्रभू येशूने आपल्याला कुणामध्ये पाहावे हे सांगितले आहे; त्यांत परकाही आहे.

विचार करण्यासाठी

१. गेल्या महिन्यात चर्चमध्ये दिसलेल्या किती नव्या चेहऱ्यांची नावे मला माहीत आहेत?
२. नवख्याच्या चुकीला मी हसतो, की त्याला वाट दाखवतो?
३. आपल्या वाडीत किंवा सोसायटीत एकट्या राहणाऱ्या कामगाराकडे संकटात फोन करण्यासाठी आपल्यापैकी एकाचा तरी नंबर आहे का?

येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर लगेच गाडीकडे न वळता शेवटच्या बाकाकडे जाऊ या आणि तिथल्या माणसाला त्याचे नाव आणि गाव विचारू या.