‘उत्तर’ आले, पण कोणाकडून?

रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डाला स्क्रीन आणि कीबोर्ड न जोडता, केवळ नेटवर्कवरून त्यावर प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत आता अभियांत्रिकी महाविद्यालयांत रुळली आहे. या पद्धतीत व्हीएस कोडसारखा एडिटर उघडतो लॅपटॉपवर, परंतु प्रोग्रॅम साठतो आणि चालतो बोर्डावर, आणि या दोहोंतील सगळी देवघेव एसएसएच नावाच्या जोडणीतून, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये अशा कूटबद्ध रूपात होते. (हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी ही जोडणी तयार केली.) ही जोडणी जुळण्यासाठी बोर्डाने नीट सुरू व्हावे लागते, वायफायमध्ये शिरावे लागते, तेथे आयपी पत्ता मिळवावा लागतो, मग बोर्ड लॅपटॉपला सापडावा लागतो आणि शेवटी त्याने वापरकर्त्याला ओळखून आत घ्यावे लागते; यांपैकी कोणतीही पायरी निसटली तरी एडिटरमध्ये जोडणी होऊ शकली नाही एवढाच एक निरोप झळकतो. या एका निरोपाच्या मागे प्रस्तुत लेखकाचे जवळजवळ तीन आठवडे गेले, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे सादरीकरण हुकले आणि एका निर्दोष बोर्डावर नादुरुस्तीचा शिक्का बसला, म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडला आहे.

पहिला आठवडा प्रयोगशाळेच्या छापील पुस्तिकेने खाल्ला. बोर्डाच्या मेमरी कार्डावर एसएसएच नावाची रिकामी फाईल ठेवावी, वायफायचे नाव आणि पासवर्ड दुसऱ्या एका फाईलीत लिहावा, आणि ‘पाय’ या नावाने व ‘रास्पबेरी’ या पासवर्डने आत जावे, असे तीत सांगितले आहे. यांतील पहिली सूचना रास्त आहे, कारण २०१६ च्या नोव्हेंबरपासून एसएसएच मुळात बंद ठेवलेले असते आणि ते मुद्दाम सुरू करावे लागते. परंतु ठरावीक नाव आणि पासवर्ड एप्रिल २०२२ मध्येच काढून टाकण्यात आला, आणि बोर्डाच्या कार्यप्रणालीच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून नेटवर्कची व्यवस्था नेटवर्क मॅनेजर नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेल्यामुळे वायफायची ती जुनी फाईल बोर्ड वाचतच नाही, आणि वाचली नाही असे सांगतही नाही. पुस्तिका तयार करणाऱ्यांनी कोणत्या आवृत्तीसाठी ती लिहिली हे एका ओळीत नोंदवले असते तरी हा आठवडा वाचला असता. आता कार्ड रास्पबेरी पाय इमेजर या अधिकृत प्रोग्रॅमनेच लिहावे, आणि वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, वायफाय, देश व एसएसएच ही माहिती कार्ड लिहितानाच त्याच्या सेटिंगमध्ये भरावी. देश भरायचा राहिला तर अनेक मॉडेलांवर वायफाय बंदच राहते.

हा अडथळा ओलांडल्यावर शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या मॉनिटरवर असे दिसले की बोर्ड महाविद्यालयाच्या वायफायमध्ये शिरला आहे, त्याला ३७ ने संपणारा पत्ता मिळाला आहे आणि तो इंटरनेटवरून स्वतःची अद्ययावत पॅकेजे उतरवून घेत आहे. लॅपटॉपही त्याच वायफायवर होता आणि त्याचा पत्ता ५२ ने संपत होता. तरीही जोडणी होईना, तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्या कक्षाकडे तक्रार गेली आणि दोन दिवसांनी तेथील एक कर्मचारी आले. त्यांनी लॅपटॉपवरून बोर्डाला पिंग केले, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला ‘आहेस का?’ अशी जी हाक घालायची असते ती घातली. विंडोज अशा चार हाका घालते आणि शेवटी हिशेब देते. तो हिशेब पाठवलेल्या चार, मिळालेल्या चार, गहाळ शून्य टक्के असा आला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, नेटवर्क चोख आहे, बोर्डच गेलेला आहे, तो बदलून घ्या, असा निकाल त्यांनी उभ्या उभ्या दिला. शेजारच्या मॉनिटरवर त्याच बोर्डाची पॅकेजे त्याच वायफायवरून उतरत होती. तिकडे पाहण्याची विनंती दोनदा करूनही त्यांनी मान वळवली नाही, आणि जाताना तक्रारवहीत ‘बोर्ड नादुरुस्त’ असा शेरा मारला. प्रस्तुत लेखकाने पदरमोड करून दुसरा बोर्ड आणला; त्याचीही गत तीच झाली.

कर्मचाऱ्यांचा तो तर्क स्वतःलाच खोडणारा होता, कारण चारही हाकांना बोर्डाने ओ दिली असेल तर तो नादुरुस्त कसा, आणि नादुरुस्त असेल तर ओ दिली कोणी? हा प्रश्न त्या वेळी लेखकालाही सुचला नाही, हे मान्य केले पाहिजे. काही दिवसांनी रात्री मोबाईलमधला त्या स्क्रीनचा फोटो मोठा करून पाहताना वरच्या चार ओळी प्रथमच नीट वाचल्या गेल्या: प्रत्येक ओळीत ‘उत्तर आले’ असे लिहिलेले होते, परंतु उत्तर देणाऱ्याचा पत्ता ३७ नव्हे, ५२ होता, आणि त्यापुढे ‘इच्छित यंत्रापर्यंत पोहोचता येत नाही’ असा मजकूर होता. लॅपटॉप स्वतःच स्वतःला कळवत होता की बोर्ड सापडत नाही, आणि विंडोज ते चारही निरोप आलेली उत्तरे म्हणून मोजत होते. शून्य टक्क्यांचा तो हिशेब म्हणजे बोर्डापर्यंत एकही हाक न पोहोचल्याचा पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी इतरांनाही उपयोगी पडेल. मोबाईलच्या हॉटस्पॉटला महाविद्यालयाच्या वायफायचेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, म्हणजे कार्डावर काहीही न बदलता बोर्ड त्याला ओळखीचे नेटवर्क समजून जोडला जातो. मात्र मूळ वायफायच्या टप्प्याबाहेर जावे लागते, म्हणून बोर्ड आणि पॉवर बँक घेऊन दुचाकींच्या शेडमध्ये जावे लागले. तेथे दहा सेकंदांत जोडणी झाली. बोर्ड तोच, कार्ड तेच, लॅपटॉपही तोच होता. बदलले होते ते फक्त मधले नेटवर्क. महाविद्यालयाच्या वायफायवर क्लायंट आयसोलेशन, म्हणजे एकाच वायफायवरील यंत्रांना परस्परांशी बोलू न देता फक्त इंटरनेटकडे जाऊ देण्याची सोय, चालू होती. शेकडो विद्यार्थ्यांचे फोन जेथे एकत्र येतात तेथे ही सोय योग्यच आहे, आणि तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती, ज्यांनी ती चालू केली त्यांनाच ती आठवू नये आणि दोष गरीब बोर्डावर ढकलला जावा, याची.

म्हणून एडिटरशी झटापट करण्याआधी साध्या टर्मिनलवरून एसएसएच करून पाहावे आणि नकाराचा प्रकार ओळखावा. ‘जोडणी नाकारली’ असे आले तर निरोप बोर्डापर्यंत पोहोचला आहे आणि बहुधा तेथे एसएसएच सुरू नाही. ‘वेळ संपली’ असे आले तर निरोप वाटेतच हरवला आहे आणि चौकशी नेटवर्कची करायची आहे. पासवर्ड विचारून नकार आला तर नेटवर्कला दोष देऊ नये. टर्मिनलवरून जोडणी होते पण व्हीएस कोडमधून होत नाही, असे पहिल्या पिढीच्या झीरो डब्ल्यू बोर्डावर हमखास घडते, कारण त्याच्या जुन्या एआरएमव्ही६ प्रोसेसरवर त्या एडिटरचा बोर्डावर बसणारा भाग चालत नाही. तेथे कितीही प्रयत्न केले तरी व्यर्थ आहेत. तो बोर्ड आणि थ्री बी हे मॉडेल ही दोन्ही केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय पाहतात, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. बोर्डाचे ‘रास्पबेरीपाय डॉट लोकल’ हे नाव एमडीएनएस या पद्धतीने, म्हणजे जवळच्या सर्व यंत्रांना एकदम विचारून शोधले जाते, आणि ती विचारणा राऊटरपलीकडे जात नाही. म्हणून नाव चालले नाही तर आकडी पत्ता वापरून पाहावा. कार्ड नव्याने लिहिल्यावर बोर्डाची ओळखकिल्ली बदलल्याचा मोठा इशारा येतो, तेव्हा लॅपटॉपवरील जुनी नोंद पुसावी. परंतु कार्ड बदललेले नसताना तोच इशारा आला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. वीजपुरवठा चांगला ठेवावा, सर्व पासवर्ड लिहून ठेवावेत आणि संयम बाळगावा, हे तर कोणीही सांगेल.

वायफाय परके असेल तेथे लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यामध्ये सरळ नेटवर्क केबल टाकावी आणि विंडोजमधील इंटरनेट शेअरिंग चालू करावे. मग बोर्डाला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि कोणत्याही कक्षाच्या परवानगीची गरज उरत नाही. याशिवाय एक यूएसबी सीरियल केबल जवळ असावी, म्हणजे नेटवर्क नसतानाही बोर्डाशी बोलता येते. मात्र ती ३.३ व्होल्टचीच घ्यावी, ५ व्होल्टच्या केबलने बोर्ड खरोखरच नादुरुस्त होऊ शकतो.

नेटवर्क कक्षाने आयसोलेशनची गोष्ट पुढे तोंडी मान्य केली, लेखी मागणीला उत्तर दिले नाही. तक्रारवहीतील ‘बोर्ड नादुरुस्त’ हा शेरा अजून तसाच आहे, आणि तो बोर्ड त्याच प्रयोगशाळेत केबलवर रोज चालतो.